कंट्रोल-डी कुठे काय करतं? डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधले शॉर्टकट आपल्या कामाप्रमाणे बसवताना

कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-डी दाबलं की निवडलेल्या ऑब्जेक्टची आणखी एक प्रत तयार होते. फोटोशॉपमध्ये तेच दाबलं की केलेलं सिलेक्शन जातं. इलस्ट्रेटरमध्ये शेवटचं ट्रान्सफॉर्म पुन्हा घडतं. कंट्रोल-यू कोरलमध्ये ग्रुप सोडवतं आणि फोटोशॉपमध्ये ह्यू-सॅच्युरेशनची खिडकी उघडतं. कंट्रोल-के कोरलमध्ये ब्रेक अपार्ट, फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेस आणि व्हिडिओ एडिटिंगच्या प्रीमिअरमध्ये क्लिपला काप! कंट्रोल-जे फोटोशॉपमध्ये लेअरची प्रत करतं, कोरलमध्ये ऑप्शन्स उघडतं.

पुण्यात छपाईशी संबंधित काम करणारा माणूस एका सॉफ्टवेअरमध्ये बसून राहत नाही. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास कुठल्याही डीटीपीच्या टेबलाशी थोडा वेळ उभे राहा. सकाळी कोरलमध्ये लग्नपत्रिका, मग फोटोशॉपमध्ये मंडळाच्या अहवालासाठी कार्यकर्त्यांचे फोटो, दुपारनंतर इनडिझाइनमध्ये दिवाळी अंकाची पानं. अशा माणसाच्या हाती ‘शंभर उपयुक्त शॉर्टकट’ असा तक्ता देऊन काही होत नाही. शॉर्टकट त्याला बहुतेक पाठ असतातच. त्याचा वेळ जातो तो ते एकमेकांवर आदळतात म्हणून. तेव्हा आधी ही धडक थांबवायची, मग मोजके शॉर्टकट स्वतःच्या कामासाठी बसवायचे आणि ते जपून ठेवायचे. हा लेख त्याच क्रमाने जातो. उदाहरणं विंडोजची आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी बहुतेक ठिकाणी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन समजावं.

आधी मराठी-इंग्रजीचा घोळ मिटवा

शॉर्टकटवरच्या परदेशी व्हिडिओंमध्ये हा भाग कधीच नसतो, आणि आपल्याकडे निम्मा त्रास इथेच असतो.

मजकूर टाइप करायला तुम्ही मराठी कीबोर्ड चालू केला. परिच्छेद झाला, आता मूव्ह टूल हवं म्हणून व्ही दाबलं. कीबोर्ड अजून मराठीतच आहे. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत व्हीच्या जागी ‘न’ आहे, बीच्या जागी ‘व’, एमच्या जागी ‘स’. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एका अक्षराचा शॉर्टकट त्या अक्षरावरून ओळखला जातो, त्यामुळे ‘न’ आल्यावर काहीच होत नाही. कंट्रोलसोबतचे शॉर्टकट अनेकदा चालतात आणि एकेरी अक्षरांचे बंद पडतात. म्हणून लोकांना वाटतं सॉफ्टवेअरच बिघडलं, आणि ते मशीन रीस्टार्ट करतात.

उपाय विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘टायपिंग’, आणि त्यात ‘अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ उघडा. प्रत्येक अॅपच्या खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरू द्या, असा एक पर्याय तिथे असतो. त्यावर टिक करा. आता वर्डमध्ये किंवा व्हॉट्सअॅपच्या खिडकीत मराठी चालू असलं तरी फोटोशॉप आपल्या इंग्रजीत राहतं. मजकूर शक्यतो बाहेर टाइप करून आत पेस्ट करायचा असेल तर एवढ्यानेच बरंचसं काम होतं.

याच पानावर दुसरी, जास्त छुपी अडचण सोडवायची आहे. विंडोजमध्ये दोन भाषांचे कीबोर्ड घातलेले असले की डावीकडचं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडल्यावर भाषा बदलते. इलस्ट्रेटरमध्ये एखादी वस्तू सरळ रेषेत कॉपी करायची असेल तर आपण काय करतो? ऑल्ट-शिफ्ट धरतो, माउसने ओढतो, सोडतो. विंडोजच्या लेखी मधे दुसरी कुठलीच की दाबली गेलेली नसते, म्हणून वस्तूची कॉपीही होते आणि भाषाही बदलते. पुढचं व्ही दाबेपर्यंत ते कळतही नाही. तर त्याच पानावरच्या ‘इनपुट लँग्वेज हॉट कीज’मध्ये जा, ‘बिटवीन इनपुट लँग्वेजेस’ निवडा, ‘चेंज की सीक्वेन्स’ दाबा आणि दोन्ही ठिकाणी ‘नॉट असाइन्ड’ करा. भाषा बदलायला विंडोज-स्पेस आहेच. त्याचा कुणाशी झगडा नाही.

श्रीलिपी किंवा आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर वापरत असाल, आणि पुण्यात ती वापरणारे अजून भरपूर आहेत, तर त्यांची इंग्रजी-मराठी बदलणारी की वेगळी असते. ती कोणती ठेवली आहे हे त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बघा आणि तुमच्या रोजच्या शॉर्टकटमध्ये येत नसेल अशी एखादी की तिला द्या.

फोटोशॉपमध्येच मजकूर टाइप करत असाल तर आणखी एक सवय हाताला लावा. टाइप करून झालं की कंट्रोल-एंटर. त्याने टेक्स्टमधून बाहेर येता येतं. ते न करता व्ही दाबलं की पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’च्या पुढे एक आगंतुक अक्षर जाऊन बसतं, आणि ते प्रूफ वाचताना सापडेलच असं नाही.

बसवायचं काय, ते तुमचं काम सांगेल

कस्टमाइझची खिडकी उघडण्याआधी एक साधा कागद कीबोर्डशेजारी ठेवा. आठवडाभर नेहमीचं काम करा. एकाच कामासाठी मेन्यूत दुसऱ्यांदा जावं लागलं की त्या कमांडचं नाव लिहा, पुन्हा गेलात की नावापुढे रेघ मारा. आठवड्याने सगळ्यात जास्त रेघा असलेल्या पाच-सहा कमांड घ्या. बाकीच्या सोडून द्या.

या यादीतल्या काही कमांडना शॉर्टकट आधीच असतो, फक्त आपल्याला माहीत नसतो. मेन्यूत नावाच्या उजवीकडे तो छापलेला असतो. आधी तोच शिका. नवीन बसवायचा तो शॉर्टकट नसेल तरच, किंवा असलेला हाताला फारच अवघड असेल तर. फोटोशॉपमध्ये फ्लॅटन इमेज, कन्व्हर्ट टु स्मार्ट ऑब्जेक्ट, सीएमवायके मोड (छपाईच्या चार शायांचे रंग), गॉसिअन ब्लर या छपाईवाल्यांच्या रोजच्या कमांडना मुळात शॉर्टकटच नाहीत. जागा रिकामी आहे, ती वापरा.

अवघड म्हणजे काय? उजव्या हातात माउस किंवा टॅब्लेटचं पेन आहे असं धरा. मग डाव्या हाताला न हलता पोहोचता येतं ते साधारण टी-जी-बीच्या रेषेपर्यंत, आणि वर एफ५ पर्यंत. कंट्रोल-शिफ्ट-एनसारख्या शॉर्टकटला हात ताणावा लागतो किंवा माउस सोडावा लागतो. रोज शेकडो वेळा लागणारी कमांड या डाव्या पट्ट्यात असावी. महिन्यातून एकदा लागणारी कुठेही असली तरी चालते, किंबहुना ती मेन्यूतच राहू द्यावी. डावखुऱ्यांनी हाच हिशेब उलटा करावा. कंपनीने दिलेले शॉर्टकट त्यांच्यासाठी फारसे सोयीचे नसतातच, त्यामुळे कस्टमाइझ करण्याचा सगळ्यात जास्त फायदा त्यांना होतो.

फोटोशॉप, पायरीपायरीने

उदाहरण म्हणून ‘कन्व्हर्ट टु स्मार्ट ऑब्जेक्ट’ ही कमांड एफ२ वर बसवू. एफ२च का? कारण विंडोजवरच्या फोटोशॉपमध्ये एफ२, एफ३ आणि एफ४ या कट, कॉपी आणि पेस्टला दिलेल्या असतात, आणि ती तिन्ही कामं कंट्रोल-एक्स, सी, व्हीने होतातच. म्हणजे तीन चांगल्या किया जवळपास वाया जात असतात.

१. एडिट मेन्यूत तळाशी ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’ आहे. थेट जायचं तर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-के.

२. वर ‘शॉर्टकट्स फॉर’ अशी यादी दिसेल. अॅप्लिकेशन मेन्यूज, पॅनल मेन्यूज, टूल्स वगैरे. आपली कमांड मेन्यूतली आहे, म्हणून पहिला पर्याय निवडा.

३. काहीही बदलण्याआधी ‘सेट’च्या शेजारचं नवीन सेट सेव्ह करण्याचं चिन्ह दाबा आणि त्याला स्वतःचं नाव द्या. ही पायरी गाळू नका. मूळ डिफॉल्ट सेट तसाच राहिला पाहिजे. मशीनवर दुसरं कोणी बसलं की तोच लागतो.

४. यादीत लेअर उघडा, त्यात स्मार्ट ऑब्जेक्ट्सखाली कमांड सापडेल. तिच्यापुढच्या रिकाम्या जागेत क्लिक करून एफ२ दाबा. लॅपटॉपवर एफ२ दाबल्यावर आवाज किंवा उजेड कमीजास्त झाला तर एफएन धरून दाबा, किंवा एफएन लॉक चालू करा.

५. खाली सूचना येईल की ही की आधीच कटसाठी वापरात आहे, स्वीकारलंत तर तिथून काढली जाईल. नेमकं काय जाणार आहे ते वाचा. इथे काही नुकसान नाही, म्हणून ‘अॅक्सेप्ट’. दुसऱ्या वेळी ते तुमच्या कामाचं असेल तर ‘अनडू’.

६. सेट पुन्हा सेव्ह करा, मग ओके.

एक बंधन लक्षात ठेवा. मेन्यूतल्या कमांडला नुसतं एक अक्षर देता येत नाही, कंट्रोल किंवा एफवाली की लागतेच. एकेरी अक्षरं टूल्ससाठी राखीव आहेत. टूल्समध्ये एकाच अक्षरावर चार-पाच टूल्स असतात आणि त्यांतून फिरायला शिफ्ट धरावं लागतं. प्रेफरन्सेसमधल्या टूल्सच्या पानावर ‘यूज शिफ्ट की फॉर टूल स्विच’ची टिक काढली की तेच अक्षर पुन्हा दाबून फिरता येतं.

न बदलता वापरण्याजोग्या दोन सोयी फोटोशॉपमध्ये आहेत, आणि वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही त्या माहीत नसतात. पहिली: टूलचं अक्षर दाबून धरा. ब्रश चालू असताना ई धरून ठेवलं की खोडरबर मिळतो, सोडलं की ब्रश परत. दुसरी: आकड्यांच्या किया. मूव्ह टूल असेल तर ५ दाबल्यावर लेअरची ओपॅसिटी पन्नास टक्के होते, ब्रश हातात असेल तर ब्रशची. चौकोनी कंसांनी ब्रशचा आकार लहानमोठा होतो, आणि शिफ्टसोबत दाबले तर त्याची कडा मऊ किंवा कडक होते. जुने फोटो साफ करणाऱ्याला एवढ्याने स्लायडरकडे जावंच लागत नाही.

एकापाठोपाठ तीन-चार कमांड नेहमी एकत्र लागत असतील, उदाहरणार्थ फ्लॅटन, सीएमवायके, शार्पन, तर प्रत्येकीला वेगळी की देऊ नका. त्या एकदा करून दाखवून अॅक्शन म्हणून रेकॉर्ड करा आणि अॅक्शनलाच एफवाली की द्या. अहवालासाठी आलेले कार्यकर्त्यांचे फोटो असेच उरकायचे असतात.

आणि ज्यांना अनडू ‘बिघडलेलं’ वाटतं त्यांच्यासाठी: २०१९च्या आवृत्तीपासून फोटोशॉपमध्ये कंट्रोल-झेड एकेक पाऊल मागे जातं. आधी ते एकाच पावलावर पुढे-मागे होत असे. आधी आणि नंतर असं डोळ्यांसमोर ताडून पाहायची ज्यांना सवय आहे, त्यांनी कीबोर्ड शॉर्टकट्सच्या खिडकीत ‘यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स’वर टिक करावी.

कोरल आणि इलस्ट्रेटर: इथे खरी धडक

लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या धंद्यात कोरलला अजून पर्याय नाही, आणि तिथल्या जुन्या ऑपरेटरचा हात एफवाल्या कियांवर असतो. एफ४ने सगळं काम पडद्यात मावतं, एफ१०ला शेप टूल, एफ११ला फाउंटन फिल, एफ१२ला आउटलाइन. पी दाबलं की निवडलेली गोष्ट पानाच्या मधोमध येते. हे मूळचेच शॉर्टकट इतके चांगले आहेत की माझ्या मते कोरलमध्ये फारसं काही बदलू नये. बदलायचंच असेल तर टूल्समधून ऑप्शन्स, त्यात कस्टमायझेशन, कमांड्स, मग ‘शॉर्टकट कीज’चा टॅब. नवीन शॉर्टकटच्या चौकटीत की दाबायची आणि ‘असाइन’. ‘व्ह्यू ऑल’ दाबलं की पूर्ण यादी दिसते, ती छापता येते किंवा सीएसव्ही फाइल म्हणून काढता येते.

अडचण येते ती इलस्ट्रेटरमध्ये गेल्यावर. प्रेसचं एक वाक्य ठरलेलं असतं, “फाइल कर्व्ह करून आणा.” म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून आणा. मराठी फॉन्ट समोरच्या मशीनवर नसेल तर जोडाक्षरांचा काला होतो, त्यामुळे त्यांचं बरोबरच आहे. कोरलमध्ये कर्व्हसाठी कंट्रोल-क्यू. इलस्ट्रेटरमध्ये त्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-ओ, आणि कंट्रोल-क्यू म्हणजे प्रोग्रॅम बंद! कोरलच्या सवयीचा हात शेवटच्या घाईत नेमकं तेच दाबतो.

यावर उपाय असा. इलस्ट्रेटरच्या एडिट मेन्यूत कीबोर्ड शॉर्टकट्स उघडा, ‘मेन्यू कमांड्स’ निवडा, टाइपखाली ‘क्रिएट आउटलाइन्स’ शोधा आणि त्याला कंट्रोल-क्यू द्या. एक्झिटचा शॉर्टकट जाईल अशी सूचना येईल, जाऊ द्या. बंद करायला ऑल्ट-एफ४ आहे. फोटोशॉपमध्येही एक्झिटवरून कंट्रोल-क्यू काढून टाकला तर बरं. कर्व्ह करण्याआधी मजकुराची मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवली आहे ना, एवढं मात्र बघा. कर्व्ह झालेल्या मजकुरात मुहूर्ताची वेळ बदलता येत नाही.

सगळ्या सॉफ्टवेअरमधले सगळे शॉर्टकट सारखे करायचा मोह होतो. करू नका. कंट्रोल-डी तिन्हीकडे वेगळं असलं तरी चुकलं तर एका अनडूने निस्तरतं, आणि हाताला संदर्भ कळायला लागतो. जिथे चुकलं की काम अडतं किंवा प्रोग्रॅम बंद होतो, तेवढ्याच जागा सारख्या करा.

इनडिझाइन: स्टाइलला की द्या

दिवाळी अंक किंवा पुस्तक लावणाऱ्याने मेन्यूचे शॉर्टकट बदलण्याआधी पॅराग्राफ स्टाइलना, म्हणजे परिच्छेदाचा फॉन्ट, आकार, अंतर यांच्या ठरवून ठेवलेल्या मांडणीला, किया द्याव्यात. शीर्षक, लेखकाचं नाव, पहिला परिच्छेद, मजकूर, कवितेची ओळ, टीप. शंभर-दीडशे पानांत या पाच-सहा गोष्टींसाठी पॅनलकडे माउस किती वेळा जातो ते आठवा.

स्टाइलवर डबल-क्लिक करा. ‘जनरल’मध्ये ‘शॉर्टकट’ची चौकट आहे. नम लॉक चालू ठेवा, कंट्रोल किंवा शिफ्ट किंवा दोन्ही धरा आणि उजवीकडच्या नंबर पॅडवरचा आकडा दाबा. वरच्या ओळीतले आकडे इथे चालत नाहीत. म्हणजे छोट्या लॅपटॉपवर ही सोय मिळत नाही. त्यासाठी यूएसबीवर चालणारा वेगळा नंबर पॅड घ्यावा, तो महाग नसतो. तोवर कंट्रोल-एंटरने ‘क्विक अप्लाय’ उघडतं. स्टाइलच्या नावाची पहिली अक्षरं टाइप करून एंटर दाबलं की स्टाइल लागते. म्हणून स्टाइलची नावं इंग्रजी अक्षरांत आणि एकमेकांपासून वेगळी सुरू होणारी ठेवावीत.

मेन्यूच्या शॉर्टकटसाठी इथेही एडिटमध्येच खिडकी आहे. इनडिझाइन आपला डिफॉल्ट सेट बदलू देत नाही, नवीन सेट करायला लावतं. हे मला इतरांपेक्षा शहाणपणाचं वाटतं. ‘कॉन्टेक्स्ट’ नावाचा पर्यायही आहे. त्यामुळे एकच की मजकुरात असताना एक काम करते आणि टेबलमध्ये असताना दुसरं.

व्हिडिओवाल्यांसाठी थोडक्यात

प्रीमिअर आणि दाविंची रिझॉल्व्ह दोन्हींत कंट्रोल-ऑल्ट-के दाबलं की कीबोर्डचं चित्रच समोर येतं. प्रीमिअरमध्ये जांभळ्या किया सगळीकडे चालणाऱ्या, हिरव्या त्या-त्या पॅनलपुरत्या. कमांड ओढून कीवर सोडायची. जे, के, एल उलट, थांब आणि सुलट चालवतात, आय आणि ओ सुरुवात-शेवट ठरवतात. हे कधीही बदलू नका. बहुतेक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते सारखेच आहेत. प्रीमिअरमधले क्यू आणि डब्ल्यू मात्र आजच शिका. प्लेहेडच्या (टाइमलाइनवरच्या उभ्या रेघेच्या) आधीचा किंवा नंतरचा भाग कापून ते मधली रिकामी जागाही मिटवतात. मुलाखती कापणाऱ्याचं अर्धं काम या दोन किया करतात. रिझॉल्व्हमध्ये प्रीमिअर, फायनल कट आणि अॅव्हिडच्या पद्धतीचे तयार संच आहेत, त्यामुळे तिकडे वळणाऱ्याला सगळं नव्याने शिकावं लागत नाही.

फुकट मिळणारी सॉफ्टवेअर

इथे सोय उलट जास्त आहे. व्हेक्टर ड्रॉइंगच्या इंकस्केपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेस आणि त्यात कीबोर्ड उघडलं की इलस्ट्रेटर आणि कोरलच्या धर्तीचे तयार संच सापडतात. डिजिटल चित्रं काढायच्या क्रिटामध्ये फोटोशॉपशी जुळणारा संच आहे. थ्रीडीच्या ब्लेंडरमध्ये तर कुठल्याही मेन्यूतल्या कमांडवर राइट-क्लिक करून तिथल्या तिथे शॉर्टकट देता येतो, किंवा ती ‘क्विक फेव्हरिट्स’मध्ये टाकून क्यू दाबून काढता येते. शॉर्टकट आठवत नसेल तर एफ३ दाबून नावाने शोधा. नंबर पॅड नसलेल्या लॅपटॉपवर ब्लेंडर वापरणाऱ्यांनी प्रेफरन्सेसच्या इनपुट पानावर ‘एम्युलेट नमपॅड’ चालू करावं.

शिकणं आणि जपणं

नवे बसवलेले शॉर्टकट कागदाच्या पट्टीवर लिहून मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटवा. एका वेळी पाचच्या वर नकोत. हात न बघता जायला लागला की ती पट्टी काढा आणि पुढचे पाच घ्या. फोटोशॉपच्या खिडकीत ‘समराइझ’ आणि इनडिझाइनमध्ये ‘शो सेट’ दाबलं की पूर्ण यादीची फाइल मिळते. ती भिंतीवर लावण्यासाठी नाही. दोन मशीनमध्ये काय फरक आहे ते ताडून बघण्यासाठी आहे.

फोटोशॉप, इलस्ट्रेटर आणि प्रीमिअर आपला सेट ‘.केवायएस’ (.kys) शेपटीच्या फाइलमध्ये ठेवतात. त्या फाइली शोधून पेन ड्राइव्हवर किंवा गूगल ड्राइव्हवर टाका. कोरलचा वर्कस्पेस (पॅनल, मेन्यू आणि शॉर्टकटची मांडणी) आणि ब्लेंडरचा कीमॅप (शॉर्टकटचा संच) एक्सपोर्ट करता येतो. हे करायची वेळ म्हणजे नवी आवृत्ती टाकण्याच्या आदल्या दिवशी आणि मशीन फॉरमॅटला देण्याआधी. कोरल सुरू होताना एफ८ धरलं तर वर्कस्पेस मूळ स्थितीत जातो. फोटोशॉप सुरू होताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट धरलं तर ते सेटिंग्ज पुसायचं विचारतं. दुरुस्तीला आलेला माणूस हे दोन्ही उपाय सगळ्यात आधी करतो. तो यायच्या आत बॅकअप झालेला असावा.

मशीन दोन पाळ्यांत दोघं वापरत असतील, किंवा क्लासमधलं असेल, तर उठताना सेट डिफॉल्टवर आणून ठेवा. फोटोशॉपमध्ये नवीन वर्कस्पेस सेव्ह करताना ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’वर टिक केली की शॉर्टकटही त्याच्यासोबत बांधले जातात. मग प्रत्येकाच्या नावाचा एक वर्कस्पेस करायचा, आणि बसणाऱ्याने विंडो मेन्यूतून आपला निवडायचा.